वेल्डरची गच्ची

आमच्या भावजींना सगळे दुर्बीण म्हणतात. गळ्यात दुर्बीण असते म्हणून म्हणतात असं लोकांना वाटतं, पण दुर्बीण गळ्यात आली ती फार नंतर. नाव शाळेपासूनचं आहे. वर्गात कुणाचं पेन हरवलं की हे आधी सगळ्यांच्या खिशांकडे बघायचे. मी लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात भावजींनी मला विचारलं होतं, "वहिनी, साखरेचा डबा तुम्ही डावीकडून उजवीकडे ठेवलात का?" मी म्हटलं, हो. तर म्हणाले, "नाही, ठेवा हो, फक्त मला माहीत असलेलं बरं." असा माणूस. मनाने वाईट नाही. दूध उकळून थंड झालं तरी फुंकून पिणारा, एवढंच.

आमचे हे म्हणजे त्यांचे थोरले भाऊ अगदी उलटे, घरात चोर शिरला तर त्याला चहा विचारतील. दोघांना वाटून द्यायचा संशय देवाने चुकून एकालाच दिला असं मी नेहमी म्हणते.

तर या माणसाने इंटरनेटचा धंदा काढला. आधी ते बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होते. मोठ्या कंपनीची वायर बाजारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढच्या गल्ल्यांत आणि टेकडीवरच्या वस्तीत ती येणार नाही, परवडत नाही, असं कंपनीने सांगून टाकलं. भावजींनी कंपनीकडून एक जाड जोडणी रीतसर आमच्या घरापर्यंत आणली, गच्चीवर अँटेना उभा केला आणि तिथून हवेतून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायला सुरुवात केली. तक्रारीचा फोन माझ्या हातात दिला. "वहिनी, तुमचा आवाज ऐकून लोक भांडत नाहीत," म्हणाले. हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

गल्लीत बरं चाललं. पण धंदा उभा राहायचा तर टेकडीवरची वस्ती हवी होती. तिथे घरं भरपूर आणि इंटरनेट नावाला नाही. अडचण एकच. आमच्या घरावरून टेकडी दिसतच नाही, मध्ये चढावरच्या घरांचा उंचवटा येतो. या लहरींचं असं आहे की एका डिशला दुसरी डिश दिसली पाहिजे. मध्ये भिंत आली, पत्रा आला की संपलं. म्हणजे मधल्या चढावर असं एक घर शोधायचं, जिथून खाली आमची गच्चीही दिसेल आणि वर टेकडीही. तिथे खांब रोवायचा, पाठीला पाठ लावून दोन डिश बसवायच्या. एक आमच्याकडून घेईल, दुसरी टेकडीला देईल.

तेव्हा ती दुर्बीण गळ्यात आली. भावजी रोज कुठल्या ना कुठल्या गच्चीवर चढून चारी दिशांना बघत उभे राहायचे. आता एक धडधाकट माणूस दिवसाढवळ्या गच्चीवरून दुर्बिणीने लोकांच्या घरांकडे बघतोय म्हटल्यावर लोक काय आरती ओवाळणार? एका बाईने खालून बादलीभर पाणी मारलं. एका आजोबांनी आमच्या घरी येऊन ह्यांना बाजूला घेतलं आणि धाकट्याचं लग्न लवकर उरका असा सल्ला दिला. भावजी घरमालकांना म्हणायचे, गच्ची द्या, बदल्यात तुम्हाला इंटरनेट फुकट. त्याने तर लोक आणखीच बिचकले. फुकट देतो म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं आहे. आमचं बोलणं ऐकणार काय? फोनमधले फोटो बघणार काय? भावजी घरी येऊन चिडायचे, "लोक किती संशयी असतात हो वहिनी!" मी कणीक मळत होते. हसू दाबताना मला ठसका लागला.

शेवटी सगळ्या चढावर मिळून नेमकं एकच घर निघालं, जिथून दोन्हीकडे बघता येत होतं. ते होतं वेल्डरचं. खाली त्याचं गेट आणि ग्रिल बनवायचं वर्कशॉप, वर दोन मजले, त्यावर गच्ची. आणि वेल्डर म्हणजे कोण, तर भावजींचा बालमित्र. एका बाकावर बसलेले, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लेले. भावजी त्याला शेवटी विचारायला गेले, कारण मित्राकडे मागायचं म्हणजे उपकार होतात आणि उपकार करणाऱ्याच्या मनात काय असतं ते सांगता येत नाही, असं त्यांचं शास्त्र. वेल्डरने मात्र एक प्रश्न विचारला नाही. चेहऱ्यावरचा मुखवटा वर करून म्हणाला, "कुठे लावायची ते दाखव रे दुर्बिण्या." खांबही त्यानेच बनवला. चार पायांचा, तिरके आधार दिलेला, हत्ती बांधला तरी हलणार नाही असा. पैसे विचारले तर म्हणाला, "जा की आता."

गच्चीच्या जिन्याला दार नव्हतं. जिना रस्त्याच्या बाजूने बाहेरूनच वर जायचा. भावजींनी हवं तेव्हा यावं, चढावं, उतरावं. वेल्डरची बायको आवाज ऐकूनच चहा टाकायची.

टेकडीवर इंटरनेट पोचलं त्या दिवशी पहिला फोन नर्सबाईंचा आला. ह्या तिथल्या दवाखान्यात नर्स, वस्तीत त्यांचा शब्द चालतो. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला. म्हणाल्या, "वहिनी, पोराचं तोंड दिसलं हो, दाढी वाढवलीय मेल्याने." मी इकडे डोळे पुसले. मग एकामागून एक घरं जोडली गेली. भावजी खूश होते. पण खूश असताना हा माणूस जास्त घाबरतो. आता कुणाची तरी नजर लागणार, कुणीतरी टपलेलं असणार, असं त्यांचं सुरू झालं. आणि टपायला माणूस तयारच होता.

तो म्हणजे केबलवाला. पांढरे बूट घालतो, मोटारसायकल उभी करून खाली उतरत नाही, बसल्या जागेवरून बोलतो. टीव्हीच्या केबलचं त्याचं राज्य होतं, आता तोही वायरने इंटरनेट द्यायला लागला होता आणि टेकडीकडे वायर ओढायच्या गोष्टी करत होता. भावजींनी काय करावं? वेल्डरच्या गच्चीवर जाऊन डिशच्या प्रत्येक नटाला बारीक काळा दोरा गुंडाळून आले. कुणी नट फिरवला तर दोरा तुटेल, म्हणजे कळेल. वेल्डरला याचा पत्ता नाही. मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, मित्राच्या घरावर पाळत ठेवताय?" तर म्हणाले, "मित्रावर नाही, मित्राच्या जिन्यावर. जिन्याला दार नाही."

काही आठवडे सुरळीत गेले आणि मग एके दिवशी सकाळपासून फोन वाजायला लागला. टेकडीवर सगळं रखडतंय. चित्र अडकतंय, आवाज तुटतोय. नर्सबाई म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या इंटरनेटची नाडी लागत नाहीये." आमच्या गल्लीत सगळं ठीक. म्हणजे रोग मधेच कुठेतरी. भावजी वेल्डरकडे धावले आणि परत आले ते असा चेहरा करून, की मला वाटलं कुणी गेलंबिलं की काय.

"दोरे नाहीत, वहिनी," ते म्हणाले.

"कुठले दोरे?"

"नटांवरचे. एकही नाही. आणि नवा रंग मारलाय. खांबाला, नटांना, डिशच्या तोंडाला, सगळ्याला. चंदेरी."

"बरं मग? तो गेटंही रंगवतो, खांबही रंगवला असेल."

"रंग कशासाठी मारतात? झाकायला! पान्याचे ओरखडे झाकायला. कुणीतरी नट खोलले, डिश हलवली, आत काहीतरी केलं आणि वरून रंग फासला. आणि ऐका, मी काही विचारायच्या आत तो स्वतःहून म्हणतो, कशी दिसते रे आता, वीस वर्षं गंजणार नाही. न विचारता उत्तर देतो तो कोण असतो?"

"रंगारी," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं नाही. सुतावरून स्वर्ग गाठायचा म्हटलं की या माणसाला सूतही लागत नाही, इथे तर दोराच गायब होता. त्यांनी डिश पुन्हा मोजून मापून सरळ केली, नट आवळले, वायर बदलली. फरक पडेना. तसतसा संशय पक्का होत गेला. बिघाड सापडत नाही म्हणजे करणारा हुशार आहे. मग आमच्या गच्चीवरून दुर्बीण वेल्डरच्या घरावर लागली. माणूस जेवायला बोलावलं तरी खाली येईना. आणि एका दुपारी वरूनच ओरडले, "वहिनी! लवकर या!"

मी गेले. त्यांनी दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. वेल्डरच्या गच्चीवर दोन माणसं उभी होती. एक वेल्डर. दुसऱ्याच्या पायात पांढरे बूट. वेल्डर हात लांब करून काहीतरी दाखवत होता, केबलवाला मान हलवत होता. हात डिशकडे होता की कठड्याकडे, ते मला इतक्या लांबून सांगता येईना. भावजींना मात्र सांगता येत होतं.

"आता बोला," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी नर्सबाईंचा फोन आला. चांगल्या शब्दांत बोलल्या, पण स्पष्ट. महिनाअखेरपर्यंत नीट झालं तर ठीक, नाहीतर वस्ती केबलवाल्याची वायर घेणार, त्याचा माणूस येऊन गेलाय. टेकडी गेली की धंदा गेला हे मला कळत होतं. आणि टेकडीचा रस्ता वेल्डरच्या गच्चीवरून जातो, दुसरी गच्ची नाही, हेही कळत होतं. म्हणून मी भावजींना म्हटलं, आज जाऊ नका, उद्या शांतपणे विचारा, हवं तर ह्यांना पाठवू. पालथ्या घड्यावर पाणी. ते निघाले. मी पायात सापडल्या त्या चपला सरकवून मागे धावले. एक माझी होती, एक ह्यांची.

वेल्डर वर्कशॉपमध्ये गेटाच्या चौकटीवर वाकला होता, ठिणग्या उडत होत्या. गिऱ्हाइकं उभी होती. त्याची बायको दारात होती. भावजींनी कुणाकडे बघितलं नाही.

"केबलवाल्याने काय कबूल केलं तुला?" ते म्हणाले. आवाज चढलेला. "माझी डिश बिघडवायचं काय ठरलं?"

वेल्डरने मशीन बंद केलं, मुखवटा वर केला. "काय म्हणालास?"

"तुझ्या गच्चीवर तो आलेला मी बघितलाय. दोरे काढलेस, नट खोललेस, वरून रंग मारलास. सरळ सांगितलं असतंस, मला गच्ची द्यायची नाही, तर मी आलोच नसतो."

"कुठले दोरे?" वेल्डरने विचारलं. मग त्याला आठवलं. "ते काळे धागे? मला वाटलं पाखरांनी आणलेत. रंगाखाली फुगले असते म्हणून काढले." आणि मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलं. मला बघवेना. "ते तू बांधले होतेस? माझ्यासाठी?"

वेल्डरची बायको म्हणाली, "अहो, केबलवाले भाऊ जिन्याचा कठडा करून घ्यायचाय म्हणून आले होते. आमचा वरचा कठडा नमुना म्हणून बघायला..." वेल्डरने तिला हाताने थांबवलं.

"सांगू नकोस काही," तो म्हणाला. मग भावजींकडे वळून, "वर जा. तुझं जे काय आहे ते काढून ने." मुखवटा खाली केला आणि पुन्हा ठिणग्या सुरू झाल्या. त्या दिवशी मला भावजींचा मनापासून राग आला.

दोन्ही डिश आमच्या व्हरांड्यात येऊन पडल्या. टेकडी पूर्ण बंद. फोन इतका वाजला की मी तो उशीखाली ठेवला. भावजी मात्र पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले. आत काहीतरी बसवलेलं असणार, एखादं यंत्र, एखादी चकती. ते सापडलं की वेल्डरच्या तोंडावर फेकतो, म्हणाले. एक डिश त्यांनी विजेला जोडली, आमच्या गच्चीवरच्या अँटेनाच्या रोखाने धरली आणि लॅपटॉपवर सिग्नल बघत बघत तिचं तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकण उघडलं.

झाकण निघालं आणि सिग्नल झपकन वर गेला.

"बघा!" भावजी ओरडले. "बघा वहिनी! झाकणातच लपवलंय!" त्यांनी झाकण उलटं केलं, हलवलं, कानाशी नेलं, उन्हात धरलं, बोटाने चाचपलं. आत काही नव्हतं. साधं प्लॅस्टिक. त्यांनी ते परत डिशसमोर धरलं. सिग्नल पडला. बाजूला केलं. चढला. धरलं, पडला. मग ते नुसतंच धरून बसले. झाकणाच्या बाहेरच्या अंगावर वेल्डरचा चंदेरी रंग होता, दोन हात मारलेला, कुठे ओघळ नाही, कुठे ब्रशची रेघ नाही.

"धातू," ते पुटपुटले. "रंगात धातूची पूड असते, वहिनी. चमकतो तो त्यानेच."

गल्लीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला याच माणसाने बजावलं होतं की राउटर लोखंडी कपाटामागे ठेवू नका, धातूतून लहरी जात नाहीत. स्वतः डिशला नाक लावून तो रंग तपासला, ओरखडे शोधले, आणि रंग सोडून सगळ्या जगावर आळ घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मला चांगले चार शब्द सुनावायचे होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी नुसतं पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. भावजींनी सगळ्यांसमोर, होती नव्हती तेवढ्या गिऱ्हाइकांसमोर, हात जोडले. "चुकलो," म्हणाले. "तुझ्या मनात काही नव्हतं. रंगाने सिग्नल अडत होता. तू चांगलं करायला गेलास आणि मी..."

मला वाटलं होतं वेल्डर ओरडेल, एखादी ठेवून देईल. तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे बिघाड माझ्याच रंगाने झाला."

"तसं नाही रे..."

"तसंच आहे. मला काय माहीत. माझ्या घरावरची वस्तू गंजू नये, एवढंच वाटलं. तुमच्या टेकडीवाल्यांचा खोळंबा झाला." त्याने गच्ची पुन्हा दिली, लगेच दिली, अट घातली नाही. नवी पांढरी झाकणं लागली, आणि महिनाअखेरच्या आत नर्सबाईंच्या मुलाची दाढी पुन्हा स्वच्छ दिसायला लागली. केबलवाल्याची वायर अर्ध्या चढावर थांबली. धंदा वाचला. भावजींनी मिठाईचा पुडा नेऊन दिला, तो वेल्डरच्या बायकोने नमस्कार करून घेतला.

त्यानंतर मी एकदाच भावजींबरोबर तिथे गेले. एक वायर सैल झाली होती, वर कुणीतरी धरायला हवं होतं. आम्ही बाहेरच्या जिन्याशी आलो तर जिन्याला लोखंडी दार. नवं कोरं, भक्कम, वेल्डरच्या हातचं. त्याला कुलूप. भावजींना त्याची सवय झालेली दिसली. ते वर्कशॉपच्या दाराशी जाऊन उभे राहिले, हाक न मारता. वेल्डरने हातातलं काम पुरं केलं, खिशातून किल्ली काढली आणि आमच्यापुढे जिना चढायला लागला.

"या वहिनी, जपून," तो मला म्हणाला. भावजींशी काही बोलला नाही.

आम्ही काम करत होतो तेवढा वेळ तो कठड्याला टेकून उभा राहिला. हात मागे बांधलेले. डिशपासून लांब. भावजींच्या हातून एक नट घरंगळत त्याच्या पायाशी गेला, तर त्याने तो उचलला नाही. एक पाऊल मागे सरकला आणि म्हणाला, "तुमचा नट इथे पडलाय." भावजी वाकून घेऊन आले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो भाऊ, झालं ते झालं. ह्या दाराची काय गरज होती? इतकी वर्षं उघडा होता जिना."

"माझ्यासाठी नाही हो वहिनी, त्यांच्यासाठी," तो म्हणाला. रागाने नाही, समजावून सांगितल्यासारखं. "उद्या परत काही बिघडलं तर कोण वर गेलं होतं, हा प्रश्न नको. किल्ली एकच आहे. मी एकटा कधी येत नाही वर. कपडे वाळत घालायला बायको आता खालीच दोरी बांधते."

भावजी पाना हातात धरून तिथेच उभे राहिले. मला वाटलं, आता रडतात. पण त्यांनी काम संपवलं, हत्यारं गोळा केली.

"नीट बघून घ्या," वेल्डर म्हणाला. "सगळं जागेवर आहे?"

"आहे," भावजी म्हणाले.

"वहिनी, ऐकलंत ना तुम्ही?"

मी म्हटलं, ऐकलं. दुसरं काय म्हणणार होते? तो आमच्यामागून उतरला, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि आपल्या कामाला गेला.